साहेबिणीच्या गालावरचे डाग

या गोष्टीवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हवी तर पैज लावा! पण घडली ती आपल्याच लाँड्रीत. तेव्हा चादरींच्या घड्या घालता घालता ऐका आणि मध्ये बोलू नका. मालकीणबाई इथंच बसल्या आहेत, सूनबाई तिकडे इस्त्री करतेय. तरी गोष्टीतली सासू निराळी आणि सूनही निराळी असं समजा, म्हणजे माझी जीभ मोकळी राहील.

तर… "अगं, काय केलंस हे माझ्या लेकराला!" हा मालकीणबाईंचा टाहो कानी पडला, तेव्हा सूनबाई मांजरीला नळाखाली धरून उभी होती! मांजरीचं नाव साहेबीण. रंग असा पांढरा, की धुतलेल्या चादरींच्या ढिगावर झोपली तर घडीबरोबर कपाटात जायची. दोनदा गेलीही! आज मात्र तिचा उजवा डोळा गच्च मिटलेला, गाल लालभडक, आणि शेजारच्या टेबलावर डागांच्या औषधाची उघडी बाटली… औषध असं जालीम, की एकदा रेघारेघांच्या सदऱ्यावर चार थेंब सांडले, तर डागाबरोबर रेघाही गेल्या आणि गिऱ्हाईक "हा सदरा माझा नव्हेच" म्हणून भांडत बसलं. असलं औषध मांजरीच्या गालाला कुणी लावतं का?

या घरात लागलं! साहेबिणीचे डोळे सदा पाझरायचे, आणि दोन्ही डोळ्यांखाली चहा ओघळून वाळावा तसे तपकिरी पट्टे उमटायचे. ती बसायची नेमकी गल्ल्याशेजारी, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक टोमणा मारायचं, "काय हो, घरच्या मांजरीचे डाग निघेनात, आमच्या कोटाचं काय होणार?" ज्यांची हयात डाग काढण्यात गेली, त्यांच्या जिवाला हे शब्द किती झोंबावेत!

"डागांचं टेबल तुझं, बाटली तुझी," मालकीणबाई म्हणाल्या, "बोल! तूच लावलंस ना?"

सूनबाईच्या ओठांवर एक नाव आलं होतं. बाटली कुणी उघडली, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते नाव घेतलं असतं तर ती त्या क्षणी सुटली असती… पण त्या एका नावानं घर दुभंगलं असतं!

"चुकलं माझं, आई. पण आधी दवाखान्यात जाऊ या… नंतर हवं ते बोला मला!"

साहेबिणीला टॉवेलमध्ये गुंडाळून ती जी धावत सुटली, ती जनावरांच्या दवाखान्यातच थांबली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात कसलासा रंगीत थेंब घालून निरखून पाहिलं.

"डोळा शाबूत आहे. लगेच भरपूर पाण्यानं धुतलात म्हणून वाचला. पण बाई, ही मांजर आहे, कोट नाही! साबण नको, पावडर नको, डाग काढायचं काहीही नको. पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं. मऊ कापूस भिजवून डागावर नुसता टेकवून ठेवायचा, खपली सुटते. मग नाकाजवळच्या कोपऱ्यातून खाली, केसांच्या दिशेनं पुसायचं. घासायचं नाही. या डोळ्याचा कापूस त्या डोळ्याला नाही. शेवटी कोरडं करायचं. आणि डोळा लाल झाला, पू आला किंवा ती मिचकावायला लागली, तर घरचे उपाय न करता इथं यायचं."

"डाग पूर्ण जातील?"

"रोज पुसलंत तर फिके होतील. मुरलेला रंग केस झडतील तेव्हाच जाईल. तोवर धीर धरा."

धीर! तो तर तिच्याकडे मणाच्या मापानं होता… मालकीणबाईंनी मांजरीला हात लावायची बंदी केली, डागांचं टेबल काढून घेतलं, आणि सुनेशी बोलणं "हो" आणि "नाही" यावर आणून ठेवलं. पाच महिने! गेल्या बाळंतपणात जिनं आपल्याला आईसारखं जपलं, तिच्याच नजरेत आपण निर्दयी ठरलो, ही सल उरात घेऊन ती मुकाट इस्त्री करत राहिली. आणि रोज पहाटे सासूबाई उठायच्या आत, दोन वाट्यांत कोमट पाणी घेऊन ती साहेबिणीसमोर बसायची. साहेबीण हनुवटी वर करायची, जणू न्हाव्याच्या खुर्चीत बसलीय! हळूहळू डाग फिके झाले. मालकीणबाई चारचौघींत म्हणायच्या, "पाहिलंत? माझ्या मायेनं चेहरा उजळला!" सूनबाई ऐकायची आणि कॉलरवर इस्त्री दाबायची…

पण एका पहाटे म्हाताऱ्या मालकानं हे सगळं दाराआडून पाहिलं, आणि त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं! तो तडक बायकोपुढे उभा राहिला. "अगं, बाटली मी उघडली होती! टोमणे सोसवेनात म्हणून. या पोरीनं मांजर माझ्या हातातून हिसकावली, नळाखाली धरली, आणि दोष स्वतःवर घेतला… का? तर तुझा-माझा तीन महिन्यांचा अबोला नुकताच मिटला होता, तो पुन्हा सुरू होऊ नये म्हणून! आणि मी? मी भेकडासारखा गप्प बसलो गं!" हे ऐकून त्या माउलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिनं सुनेला पोटाशी धरलं, नवऱ्याला तर मोठ्या मनानं तिथल्या तिथं माफ केलं, आणि साहेबीणसुद्धा आनंदानं ओक्साबोक्शी रडली, पण गालावर डाग म्हणून…

"थांबा! साफ खोटं!" मालकीणबाईंच्या हातून चादर सुटली. "मला कधी सांगितलंत हो? मला हे आत्ता कळतंय, ही चादर घडी करताना! आणि नवऱ्याला माफ केलं म्हणे! तुमच्याकडे मी मागाहून बघते… सूनबाई, ठेव ती इस्त्री. ये इकडे. अशी जवळ ये… पाच महिने गं! एका शब्दानं तरी बोलायचंस, वेडे!"