दीपाच्या आईचं रेकॉर्डिंग

काम साधंच होतं. चांगुणाबाईंच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणायच्या. घोडेगावच्या बाजाराकडे निघालेल्या टेम्पोत जागा मिळाली आणि भर दुपारी मी त्यांच्या वस्तीवर उतरले.

मी तिकडच्याच एका छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदन करते. माझ्याआधी सकाळचा कार्यक्रम दीपा करायची. डेंग्यूच्या तापात ती गेली आणि तिच्या जागी मला घेतलं. आमची भेट कधीच झाली नाही. तिचा आवाज तेवढा ओळखीचा होता. चांगुणाबाई तिची आई.

"जय भीम, मावशी."

"ये गं. तूच का वृषाली? ऐकते मी रोज. चांगलं बोलतीस. पर दीपी बोलायची तवा वाटायचं, मलाच इचारती. तिचा आवाज आला की मी ताटावर बसायची. आता न्हाई जात घास."

म्हातारीच्या हातांच्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या.

रेकॉर्डिंगला बाहेरचा आवाज नको, म्हणून दार-खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला. पत्र्याखाली उकाडा दाटला. अंधारात कडब्याचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास येत होता. माइक मावशींसमोर ठेवून मी हेडफोन कानाला लावला.

निवेदकाला आधी श्वास शिकवतात. वाक्याआधीचा श्वास ऐकणाऱ्याला कळू द्यायचा नाही. तोंड किंचित बाजूला वळवून तो हळूच घ्यायचा. हेडफोनमध्ये कुणीतरी तसाच श्वास घेतला. शिकलेल्या माणसाचा.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"आई…" कानात आवाज आला.

सगळं तिथंच टाकून पळत सुटावं असं वाटलं. पण माझा चेहरा पाहून मावशी उठून जवळ आल्या.

"काय झालं, बाई? कोन हाय?"

मी हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवला.

त्या कितीतरी वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी माइक दोन्ही हातांत धरला.

"दीपे… जेवलीस का गं? ताप हाय का अजून?" त्या थांबल्या. पुन्हा विचारलं. मग डोळे भरून आले. "अगं, नुसतं आई आई काय करतीस? बोल की…"

शेवटी त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

"माझं तिला पोचंना. तू बोल. तुला येतं."

मी तो पुन्हा लावला.

"आई आहे ना तिथं?" दीपा विचारत होती. "मी रोज बोलते… पण तिकडचं काहीच ऐकू येत नाही मला…"

मी माइकजवळ सरकले आणि रोज बोलते तशी सावकाश, एकेक शब्द मोकळा करत म्हणाले, "मी वृषाली. आई विचारतेय, जेवलीस का. ताप आहे का अजून."

कानात दीपा रडल्यासारखी हसली.

"तिला सांगा, ताप उतरला. आणि तिनं जेवून घ्यावं."

मी सांगितलं. मावशींनी पदरानं तोंड पुसलं, टोपल्यातली भाकरी काढली आणि तिथंच अंधारात बसून, कोरडीच, खाऊ लागल्या. मी पाहत राहिले. भीती कुठं गेली होती कोण जाणे.

"खातेय ती," मी माइकमध्ये म्हटलं.

"बरं झालं…" दीपाचा आवाज अगदी खाली आला. "ताई, लगेच काढू नका हं हेडफोन. माझ्यामागं लई जण उभे आहेत."

पाठोपाठ दुसरा श्वास आला. हा शिकलेला नव्हता. जड होता, अगदी कानाशी.

"हॅलो… आवाज येतोय का?" एक पुरुष विचारत होता. "मी अंगद… आमच्या घरी कुनी हाय का, तेवढं बघता का?"