आदर्शच्या खिडकीतला कागद

जास्वंदीची फुलं पातेल्यात उकळत होती आणि झिशान, तमन्ना ही भावंडं पळीवरून भांडत होती. तमन्ना म्हणत होती, रंग आणखी गडद व्हायला हवा. झिशान म्हणत होता, फुलं करपतील. वर्षाराणी कागदाच्या पट्ट्या कापत होती. त्या दोघांचं भांडण ऐकलं की तिला आपल्या भावाची आठवण यायची. तिच्याशी भांडणारा आदर्श तिकडे गारगोटीला आत्याकडे होता.

इथे हुपरीत घरी असताना त्याचा श्वास कोंडायचा. अंथरुणात उठून बसायचा, खांदे वरखाली व्हायचे. औषधं झाली, कोल्हापूरच्या फेऱ्या झाल्या. आत्या त्याला घेऊन गेली आणि तिथे पोरगं खडखडीत बरं झालं. आता जूनपासून त्याला तिथल्याच शाळेत घालायचं घरात ठरलं होतं. तो फोनवर वासराच्या गोष्टी सांगायचा आणि वर्षाराणी नुसती "हं, हं" करायची. दुसरं काही बोलायला गेलं की रडू यायचं.

सुट्टी लागली त्याच सुमारास कोल्हापूरहून सुगरा मॅडम आल्या होत्या. हवेमुळे मुलांच्या छातीवर काय परिणाम होतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. मुलांना एका नळीत जोरात फुंकायला लावून त्या छातीची ताकद मोजायच्या. ॲसिडच्या वाफेने जास्वंदीचा जांभळा कागद लाल होतो, हे त्यांनीच या तिघांना दाखवलं होतं.

"म्हणजे बाळासोकाकांची शेड पकडायची," झिशान लगेच म्हणाला होता. गल्लीच्या टोकाला बाळासोंची शेड होती. जोडून तयार झालेले चांदीचे पैंजण तिथे ॲसिडमध्ये बुडवून साफ व्हायचे. तिच्या धुराड्याकडे बोट दाखवलं नाही असं गल्लीत कुणी नव्हतं.

"आधी चोर ठरवायचा आणि मग शोधायचं, याला संशोधन म्हणत नाहीत," मॅडम म्हणाल्या होत्या. "सगळीकडे लावा. लांबच्या शाळेतसुद्धा."

बाळासोंनी मात्र मुलांना फाटकातूनच हाकललं. तेव्हा तमन्नाने डोकं चालवलं. तिने जांभळ्या पट्ट्यांचं झकास तोरण केलं आणि बाळासोंच्या आईला, बनाबाईंना नेऊन दिलं. म्हातारी इतकी खूश झाली की तिने ते स्वतःच्या हाताने शेडच्या दाराला बांधलं! बाळासो दिवसभर त्याच्याखालून ये-जा करत राहिले.

बाकीच्या पट्ट्या मुलांनी गल्लीभर दारांबाहेर आणि शाळेत लावल्या. एक उरली. वर्षाराणीने ती आपल्या घरी, आदर्शच्या खिडकीत अडकवली. त्या निमित्ताने त्याच्या रिकाम्या कॉटवर ती थोडा वेळ बसली.

दोन दिवसांनी तिघं सकाळीच गल्लीत फिरली. शाळेतली पट्टी जांभळीच होती, गल्लीत दारांबाहेर लावलेल्याही. बाळासोंच्या तोरणाची कडा तेवढी जराशी गुलाबी झाली होती. धुराडं उंच होतं, वाफ वरच्या वर जात होती. झिशानचं तोंड उतरलं.

वर्षाराणी घरी आली. आदर्शच्या खिडकीतली पट्टी लालभडक झाली होती.

तिने ती चटकन काढून मुठीत दाबली. तमन्नाने हाक मारली तरी ती बाहेर गेली नाही.

दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी, पिराजींनी, तिला नेहमीसारखं खेळायला पाठवलं. ती परसातून वळसा घालून परत आली. आदर्शच्या खोलीला लागूनच मागची छोटी खोली होती. दार ओढून घेतलेलं होतं. फटीतून तिने पाहिलं. बाबा तोंडाला रुमाल बांधून बसले होते आणि पुढ्यातल्या टोपात चिमट्याने पैंजण बुडवत होते. टोपातून वाफ निघत होती. बाबांच्या डोक्यावरून ती झरोक्यापाशी गेली आणि झरोक्यातून आदर्शच्या खोलीत.

जोडलेले पैंजण साफ करायला शेडवर रांग लागते, दिवस मोडतो, म्हणून आदर्श आजारी पडायच्या आधीपासूनच ते हे काम घरी उरकत होते. मॅडमना आपल्या बाबांचं नाव सांगायचं? पण न सांगता राहिलं, तर ती कॉट तशीच रिकामी राहणार होती.

तिने दार ढकललं आणि मूठ उघडली.

"बाबा, ही आदर्शच्या खिडकीतली पट्टी हाय."

पिराजींनी तिच्याकडे पाहिलं, मग झरोक्याकडे. पट्टीचा खेळ त्यांनी मुलांकडून ऐकला होता. चिमटा खाली ठेवायलाही त्यांना वेळ लागला.

"कवापास्नं ठाऊक हाय तुला?"

"सकाळपास्नं. लपवली हुती मी. पर मला आदर्श घरात पायजे, बाबा."

पिराजी उठले, टोपावर झाकण ठेवलं आणि तिचा हात धरून तिला बाहेर अंगणात नेलं. "त्याच्या औषधासाठी मी पळत हुतो गं," ते म्हणाले. "आन् दुखणं मीच घरात शिजवत हुतो."

संध्याकाळी ते स्वतःच मॅडमकडे गेले. एका पट्टीवरून निकाल लावता येत नाही, असं सांगून मॅडमनी त्या खोलीत आणि आणखी काही घरांत यंत्रं लावली. आपल्यासारखे टोप गल्लीत बऱ्याच घरांत आहेत, हे पिराजींनीच सांगितलं होतं. यंत्रांनी पट्टीचंच म्हणणं खरं ठरवलं.

मग कारागिरांची बैठक झाली. पिराजी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि आपल्या घरातली गोष्ट त्यांनी काही न लपवता सांगितली. घरातले टोप बंद झाले. बाळासोंनी शेड वाढवायचं कबूल केलं आणि तोरणाची हकिकत कळल्यावर आईकडे बघून डोक्याला हात लावला. मॅडम म्हणाल्या, "यंत्रं माझ्याकडे होती, पण कुठल्या खिडकीत बघायचं ते या पोरांनी दाखवलं." पिराजी म्हणाले, "माझ्या पोरीनं मला खरं सांगितलं. मोठ्या माणसालाबी जमत न्हाय ते." वर्षाराणी मान खाली घालून उभी होती. तिचं मन कधीच गारगोटीला पोचलं होतं.

मागची खोली धुऊन उघडी टाकली, मॅडमनी हवा पुन्हा तपासली. काही दिवस राहून बघायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मगच बाप-लेक एसटीने आदर्शला आणायला गेले.

तो वासराला घेऊन रस्त्यातच उभा होता. अंगाने भरला होता, उन्हाने काळवंडला होता. वर्षाराणीला पाहून त्याने आधी तिची वेणी ओढली. तिने धपाटा घातला आणि मग त्याला सोडलंच नाही.

परतीची गाडी सुटली. आत्याचं घर, वासरू, तिथले मित्र मागे पडत होते आणि तो मान वळवून बघत होता. ते बघणं वर्षाराणीला चांगलं ओळखीचं होतं; त्याच्या रिकाम्या कॉटकडे ती तशीच बघायची. तिने उठून त्याला खिडकीची जागा दिली.