ठिकाण : आई

देवाला साक्षी ठेवून सांगतो, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. रविवार होता. भरदुपार. जागा माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागची खोली. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला ‘साहेब’ म्हणतात. त्याला तो मान वाटतो.

वाटू दे बिचाऱ्याला.

साहेबांना लॅपटॉपचा भारी तोरा. एकदा सासूबाईंच्या घरी मला शिकवायलाच बसले.

“दाजी, तुम्ही लोक जागा बदलली की नेट चालत नाही म्हणून रडता. मी प्रत्येक जागेचं सेटिंग वेगळं साठवलंय. हे ‘ऑफिस’, हे ‘घर’, हे ‘आई’. जिथे बसलो तिथलं ठिकाण निवडायचं. झालं!”

“आईंचं वेगळं कशाला?”

“तिचा राउटर तिच्यासारखाच. आपणहून काही देत नाही, नेटचा पत्तासुद्धा हाताने भरावा लागतो. हे सेटिंग त्या घराबाहेर मेलं तरी चालायचं नाही.”

सासूबाई तेव्हा पलीकडेच खाटेवर होत्या. अंथरुणाला खिळलेल्या. ऐकलं असेल त्यांनी.

पुढे एका दुपारी ही औषधं आणायला गेली. भावाला म्हणाली, “अर्धा तास आईजवळ बस.” साहेब बसले... शेजारच्या खोलीत. कानांवर हेडफोन लावून.

ही परतली तेव्हा सासूबाई गेल्या होत्या.

एक हात खाटेखाली लोंबत होता. पाण्याचं भांडं जरासं दूर, स्टुलावर. काठोकाठ भरलेलं.

“ताई, मी मीटिंगमध्ये होतो गं.”

एवढंच म्हणाला. देवाने माणसाला दोन हात दिलेत. टाळ्या वाजवायला पुरतात, भजनाला पुरतात. तहानलेल्याला भांडं द्यायला मात्र याचे पुरले नाहीत.

ते घर भाड्याचं होतं. किल्ली आम्ही मालकाला परत दिली. राउटर मी स्वतःच्या हाताने काढला आणि भंगारवाल्याला दिला.

हे लक्षात ठेवा.

मग तो रविवार आला. साहेब लॅपटॉप काखोटीला मारून दारात. बढतीची मुलाखत लॅपटॉपवरच द्यायची होती. या खुर्चीसाठी त्याने कित्येकांच्या पुढेपुढे केलं होतं, कित्येकांचे पाय ओढले होते. आज मिळाली तर मिळाली.

“घरचं नेट दगा देतंय, दाजी. तुमचं भिकार असलं तरी चालेल.”

भिकार तर भिकार. बसवलं त्याला मागच्या खोलीत. त्याने ‘दुकान’ नावाचं नवं ठिकाण तयार केलं. नेट लागलं. माझ्याकडे असं बघितलं, जणू गोवर्धन उचललाय.

आणि मग... नाव आपोआप बदललं.

‘आई’.

त्याने परत ‘दुकान’ निवडलं.

परत ‘आई’.

“काढूनच टाकतो.” त्याने ते ठिकाण पुसलं. “गेली एकदाची कटकट!”

सेटिंग बंद केलं. पुन्हा उघडलं...

‘आई’. शेजारी बरोबरची खूण.

“दाजी, तुमचा राउटर बंद करून चालू करा.”

मी दुकानात गेलो. प्लग काढला. राउटरचे दिवे विझले. तेवढ्यात आतून मुलाखतीची घंटी वाजली आणि साहेबांचा मधाळ आवाज आला, “नमस्कार सर, नमस्कार मॅडम!”

प्लग माझ्या हातात होता.

मी तसाच आत आलो. पडद्यावर तीन अधिकारी, स्पष्ट दिसत होते. चित्र जरासुद्धा अडकत नव्हतं.

साहेब बोलत होते. माणसं कशी सांभाळावीत, या विषयावर! मी भिंतीला टेकून ऐकत होतो.

मधेच मॅडम म्हणाल्या, “तुमच्या मागे कोणी बोलतंय का?”

“नाही, मॅडम.”

खरंच कोणी नव्हतं. मला काही ऐकू आलं नाही. त्यालाही नाही.

“परत आवाज आला... म्हाताऱ्या बाई आहेत का घरात?”

“बाहेर रस्ता आहे, मॅडम. लोक येतात-जातात.”

दुसरे अधिकारी पुढे झुकले. “अहो, पाणी मागतायत त्या.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. हात मात्र सवयीने म्यूटवर गेला.

मॅडम हळूच म्हणाल्या, “तुमचा आवाज बंद झालाय... पण त्यांचा येतोय. आधी पाणी द्या त्यांना. आम्ही थांबतो.”

ही कधी दारात येऊन उभी राहिली, कळलंच नाही. हातात भरलेलं भांडं. तिने ते भावापुढे धरलं.

“दे.”

“कोणाला?”

“मला विचारतोस?”

“ताई, अक्कल आहे का तुला? मुलाखत चालू आहे माझी!”

आणि त्याने तिचा हात झिडकारला. पाणी फरशीवर सांडलं.

आवाज बंद होता, पण चित्र चालू होतं. पलीकडे तिघंही बघत होते. साहेबांकडे नाही... त्यांच्या खांद्यामागे. जिथे नुसती भिंत होती.

“राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “आम्हाला समजलं.”

पडदा काळा झाला.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. साहेब अजून जगभर सांगत फिरतात, दाजींच्या नेटने घात केला म्हणून. लाज असती तर आईला आठवून एकदा रडला असता. तेवढंही झालं नाही त्याच्याने.

मला त्याचं काही नाही. माझी काळजी निराळी आहे.

परवा दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठिकाणांची यादी उघडली. शेवटचं नाव... ‘आई’.

मी ते तयार केलेलं नाही.

पुसायला गेलो तर हिने माझा हात धरला. “राहू द्या हो. लेकीकडे आलीये ती.”

आता दुपारी दुकान बंद झालं की ही तिथे जाऊन बसते. दाराच्या पडद्याबाहेर मला हिच्या एकटीचाच आवाज येतो. “हो गं, जेवले... घे, पाणी घे.” मधे ती गप्प होते. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत आपण थांबतो ना, तेवढाच वेळ.

मी बाहेरूनच खाकरतो, मग आत जातो. जावयाने तसंच जायचं असतं.

पण त्या वेळी राउटर चालू असतो की बंद, हे बघायची हिंमत मला अजून झालेली नाही...