पडण्याची जागा

घोडी अजून मेली नव्हती.

ऑरिन टटल गाडीतून उतरला तेव्हा ती खडकांपाशी आडवी पडून मान उचलू पाहत होती. पुढचे दोन्ही पाय मोडलेले. तिच्यापासून हातभर अंतरावर तिचा स्वार वेड स्पूनर पालथा पडला होता. त्याचं डोकं खडकावर आपटलं होतं. तो मात्र जागीच गेला होता.

"हिला अशी तडफडत का ठेवलीय?"

"हार्कनेससाहेब म्हणाले, थांबा," कोणीतरी पुटपुटलं. "तिच्या डोळ्याचा जवळून शॉट घ्यायचाय."

टटलने पिस्तूल काढून घोडीच्या कपाळात गोळी घातली. त्या माळावर रोज गोळ्यांचा पाऊस पडायचा, पण खरी गोळी ही पहिलीच. दरोडेखोर झालेले नट दचकून मागे सरले.

टटल हा लोन पाइन गावचा डेप्युटी शेरीफ, खराखुरा. पोट सुटलेलं, नाकावर चष्मा, आणि घोड्यावर बसलं की पाठ धरते म्हणून बुडाखाली खटारा गाडी. शहरातले स्वस्तातले सिनेमावाले दर उन्हाळ्यात इथे यायचे, आठवड्यात एक चित्रपट उरकायचे आणि त्याला बघून खिदळायचे. आज कोणी खिदळलं नाही.

घोडा पाडायची त्यांची रीत सोपी होती आणि हलकट होती. घोड्याच्या पुढच्या पायांना पोलादी तार बांधायची, तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंट्याला. घोडा भरधाव सुटतो, तार संपते, पाय मागे खेचले जातात आणि तो नाकावर आदळतो. स्वार पुढे फेकला जातो. तो जिथे पडणार तिथली माती आधीच खणून भुसभुशीत करून ठेवायची, आणि कॅमेऱ्यात कळू नये म्हणून वर खडी आणि झुडपं पसरायची. घोडं बहुतेक मरायचं. माणूस वाचायचा.

आज तार आधीच संपली होती.

"यानेच आखूड बांधली," दिग्दर्शक लूशस हार्कनेसने बोट दाखवलं. "सख्खा भाऊ म्हणे! सकाळी दोघं एकमेकांच्या उरावर बसले होते, सगळ्यांनी पाहिलंय. घाला बेड्या."

क्लेम स्पूनर जमिनीवर बसला होता. भावाची हॅट त्याच्या मांडीवर होती. खून म्हणून गुन्हा लागला तर गळ्याला दोर होता, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"क्लेम, भांडण कशावरून झालं?"

"सोमवारी कोर्टात जाऊ नकोस म्हणालो त्याला."

"कोर्टात काय होतं?"

"आमच्यातला टोबी बुडाला ना, यांच्याच मागच्या चित्रपटात. दोर टाकू नका असं कोण ओरडलं, त्याची साक्ष देणार होता वेड. मी म्हटलं, कशाला तोंड उघडतोस, परत काम देणार नाहीत. तर मलाच भित्रा म्हणाला."

"तार तू बांधलीस?"

"मीच. जेवणाआधी. बरोबर बांधली होती, ऑरिन."

टटलने खुंटा उकरला. तारेचे खुंट्याभोवती घट्ट वेढे दिलेले होते. तेवढीच ती आखूड झाली होती.

"मी गाठ मारतो," क्लेम म्हणाला. "वेढे मी देत नाही."

"तो दुसरं काय म्हणणार?" हार्कनेस म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे नट ट्रकपाशी घेवडा खात बसले होते आणि हार्कनेस कॅमेऱ्यासाठी जागा बघत फिरत होता. नायक बक मेरिडे तेवढा खडकांकडे गेला होता. पडद्यावर हा बहाद्दर पाचपाच दरोडेखोरांना लोळवायचा. आता त्याच्याच शर्टाचं बटण त्याला लावता येत नव्हतं.

"खडकांमागे काय करत होतास?"

"पाणी पीत होतो."

"पाणी तर ट्रकमध्ये होतं."

मेरिडेने मान खाली घातली आणि खिशातून चपटी बाटली काढली. "दुपारपर्यंत हातांची थरथर थांबत नाही हो. कंपनीला सांगू नका."

टटलने त्याचे हात पाहिले. या हातांनी पोलादी तारेला वेढे बसणं शक्य नव्हतं.

कॅमेरामन पिंकस त्याच सकाळी शहरातून आलेला. भेदरलेला.

"कॅमेरा हलवलास का रे?"

"छे! पायांवर दगड रचलेत, बघा ना. थांब म्हणेपर्यंत चालूच ठेवला होता."

टटलने कॅमेऱ्यातून पाहिलं. मेलेली घोडी बरोबर मधोमध दिसत होती.

"आणि ही जागा ठरवली कोणी?"

"हार्कनेससाहेब स्वतः त्या खडकापाशी उभे राहिले. फोकससाठी त्यांच्यापर्यंत फीत लावून अंतर मोजलं मी."

मग क्लेमने भुसभुशीत जागा दाखवली. ती बरीच पुढे, झुडपांपलीकडे होती. खडी जशीच्या तशी. टटल तिथे उभा राहिला आणि ओरडला, "पिंकस, मी दिसतो का?"

"नाही साहेब!"

टटल परत आला. चष्मा पुसला.

"हार्कनेस, शॉट मिळाला का हो?"

"मिळाला!" हार्कनेसचा चेहरा उजळला. "अगदी मधोमध. एक फूट फिल्म वाया नाही गेली. बारा वर्षांत असं पडणं कोणी घेतलेलं नाही."

"सगळं नीट झालं असतं, तर वेड कुठे पडला असता?"

"तिकडे, खणलेल्या जागेत."

"मग कॅमेरा इकडे कशाला लावलात?"

हार्कनेसने कॅमेऱ्याशेजारचा फिल्मचा डबा जवळ ओढला.

"कॅमेरा एक. घोडी एक. पडणंही एकदाच," टटल शांतपणे म्हणाला. "मऊ जागा कुठे आहे हे पिंकसला ठाऊकच नव्हतं, वर झुडपं होती. तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही या खडकापाशी उभं राहून अंतर मोजून घेतलंत. घोडी इथे पडणार हे पडायच्या आधी एकाच माणसाला माहीत होतं. क्लेमने तार बांधली, सगळे जेवायला बसले, तुम्ही येऊन वेढे दिलेत. टोबी बुडत होता तेव्हा दोर टाकू नका असं कोण ओरडलं, ते वेड सोमवारी सांगणार होता. खरं ना, मेरिडे? तूही होतास तिथे."

मेरिडेने बाटली तोंडाला लावली. मग म्हणाला, "हेच ओरडले. कॅमेरा चालू होता म्हणून."

"माणूस मारायचाच होता तर कॅमेरा मऊ जागेकडे लावायचा होता," टटल म्हणाला. "मी क्लेमलाच धरून नेलं असतं. पण फुकटचं मरण वाया घालवणं तुमच्या जिवावर आलं."

बेड्या पडल्या. गाडीत बसताना हार्कनेस मागे वळून एवढंच म्हणाला, "पिंकस, तो डबा उन्हात ठेवू नकोस."

हार्कनेस फासावर गेला. खटला संपल्यावर कंपनीने ती फिल्म रीतसर परत मागून घेतली.

हिवाळ्यात गावच्या थिएटरात नवा चित्रपट लागला. शेरीफ झालेला वेड खडकांपाशी पडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वसंतात आणखी एक चित्रपट आला. त्यातही फिल्मचा तोच तुकडा, वेड तिथेच पडला, या खेपेला दरोडेखोर म्हणून. हॅटमुळे तोंड दिसत नव्हतं, म्हणून तो कुठल्याही कथेत चालत होता. पोरांनी पुन्हा शिट्ट्या मारल्या.

क्लेम दर वेळी पहिल्या रांगेत असायचा. टटलला ते बघवेना. एकदा त्याने बाहेर गाठून विचारलं, "कशाला येतोस रे बाबा? छळ करून घेतोस नुसता जिवाचा."

क्लेमने भावाची हॅट डोक्यावर घातली.

"दर वेळी वाटतं, ऑरिन," तो म्हणाला, "आज तरी तो मऊ मातीपर्यंत पोचेल."