पपनसाच्या छायेत

बंगळुरात मल्लेश्वरमच्या मुलींच्या शाळेत तिसरा तास चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, "शालनबाई, तुमचा फोन. तुरुंगातून."

वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शालननं खडू ठेवला आणि ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली.

पलीकडे तुरुंगाचे उपअधीक्षक नरसिंहराव होते. "बाई, तुमच्या चर्चच्या मंडळीला या रविवारपासून आत प्रवेश नाही."

"का? काय झालं?"

"तानूबाई देवनहळ्ळीहून नाहीशी झाली. सकाळी एक माणूस तिला शोधत आला होता. ती तिथं आहे हे त्याला कळलं कसं? कृष्णातला तुमच्यापैकीच कुणीतरी सांगितलं असणार. तुम्ही स्वल्प, जरा इकडे या."

शालननं फोन ठेवला. संतापातच तिनं उरलेल्या तासांची रजा मागितली.

कृष्णात हा निपाणीकडचा. बंगळुरात एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता आणि त्याच व्यापाऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली आत होता. खून होताना पाहणारी एकच व्यक्ती होती, व्यापाऱ्याकडे स्वयंपाक करणारी म्हातारी तानूबाई. येत्या सोमवारी तिची साक्ष होती. तिच्या झोपडीवर दगड पडू लागले, तेव्हा पोलिसांनी कानावर हात ठेवले. शेवटी मंडळीनं तिला देवनहळ्ळीला चंपाबाईंकडे लपवलं. चंपाबाई म्हणजे मंडळीतल्याच एक निवृत्त नर्स.

तीच मंडळी दर रविवारी तुरुंगात उपासनेला जायची. एकाच मंडळीनं ही दोन्ही कामं हातात घेऊ नयेत, असं शालननं पाळकांना सांगितलं होतं. "आपली माणसं विश्वासू आहेत, शालन," एवढंच उत्तर तिला मिळालं होतं.

तुरुंगाचं दार उघडून घ्यायला तिनं पाच वर्षं अर्ज केले होते. परवानगी मिळाल्यावर नियम तिनंच लिहिले. कैद्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. त्याच्या खटल्याबद्दल बोलायचं नाही. बाहेरच्या माणसांची खबर आत न्यायची नाही. दर रविवारी फाटकाबाहेर ती हे वाचून दाखवायची. तोपर्यंत प्रार्थना चालवणारे संताजीकाका घड्याळ बघत उभे राहायचे आणि पेटी वाजवणारी भाग्यलक्ष्मी तिचा भाता साफ करायची.

नरसिंहरावांच्या खोलीत वॉर्डर मल्लाप्पा उभा होता. त्याची टोपी साहेबांच्या टेबलावर पडली होती.

"मी याला कामावरून थांबवलंय," नरसिंहराव म्हणाले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. त्यांच्या मराठीत कानडी सहज मिसळलेली असायची. "रविवारी हॉलमध्ये हाच होता. मराठी समजतं याला. सरी, ठीक, विचारा तुम्हीच."

शालन मल्लाप्पाकडे वळली. त्या रविवारी ती स्त्रियांच्या बराकीत होती. पुरुषांच्या हॉलमध्ये संताजी आणि भाग्यलक्ष्मी दोघंच होते.

"मल्लाप्पा, कृष्णातशी कोण बोललं?"

"कुणी न्हाई, अक्का. गाणी झाली, वाचन झालं, परार्थना झाली."

"संताजीकाका त्याला बाजूला घेऊन बसले होते?"

"न्हाई. सगळ्यांदेखत समोरच हुबे होते. त्यो काकांच्या पाया पडला, रडला. हळूच कायतरी पुटपुटला, मग म्हणाला, आज परार्थना मराठीत करा. तेवढंच."

"आणि मग?"

"मग परार्थना. सगळ्यांचे डोळे मिटल्याले. कृष्णातचे तेवढे उघडे. मी म्हटलं, नवा हाय, सवय नसंल."

"प्रार्थनेत काय म्हणाले ते?"

मल्लाप्पानं मान खाली घातली. "दुसऱ्याची पूजा चालली आसंल तर आपण कान देऊ नये, आशी आमच्यात रीत हाय. मी दारावर ध्यान ठिवून होतो."

"तानूबाई कुठं राहते हे तुला ठाऊक होतं?"

"त्या म्हातारीचं मला नाव पण आज कळलं, अक्का."

नरसिंहराव म्हणाले, "असं सगळेच म्हणतात." मल्लाप्पाचे डोळे भरून आले. त्याच्या घरी खाणारी सहा तोंडं होती, हे शालनला माहीत होतं. तो खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही. पण वाटण्यावर इथं काही चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा काढून ती बसनं देवनहळ्ळीला गेली. किल्ल्याच्या भिंतीमागे चंपाबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. अंगणातल्या झाडावर पपनसं लोंबत होती. त्यांच्या भारानं फांद्या खाली वाकल्या होत्या.

चंपाबाईंनी रात्रभर डोळा मिटला नव्हता. "त्याला मी दारातूनच घालवला गं. म्हटलं, इथं कुणी म्हातारी नाही. तो गेला. मी पाळकांना फोन करायला पोस्टात गेले. परत येऊन बघते तर तानूबाई नाही. तिचं गाठोडं मात्र इथंच."

"ओढून नेलं असेल?"

"देव जाणे. कुणी काही बघितलं नाही."

"तो माणूस काय म्हणाला? जसं म्हणाला तसं सांगा. एक शब्दही बदलू नका."

चंपाबाईंनी आठवायला वेळ घेतला. "म्हणाला, 'पपनसाच्या छायेत ऱ्हानारी विधवा बाई हितंच का? मंडळीनं गुडघ्यांसाठी तेल दिलंय.' बोलणं अगदी निपाणीकडचं. आणि हसायची गोष्ट सांगू? कोपऱ्यावरच्या दुकानात तो पपनसाचं झाड कुठाय म्हणून विचारत होता. दुकानदाराला समजेना. इकडे सगळे चकोता म्हणतात ना. शेवटी त्यानं हातानं केवढं फळ ते दाखवलं, तेव्हा कुठं दुकानदाराला कळलं."

"तिचे गुडघे कधीपासून दुखतायत?"

"विहिरीच्या पायरीवर पडली ना, तेव्हापासून. दोन आठवडे झाले असतील. मी मंडळीत कळवलं होतं, तुम्हा तिघांनाच."

तिघं म्हणजे ती स्वतः, संताजीकाका आणि भाग्यलक्ष्मी. परतीच्या बसमध्ये शालन खिडकीला डोकं टेकून बसली. नियम लिहिले, वाचले, पुन्हा पुन्हा वाचले. आणि तरीही गुडघेदुखीची बातमी भिंतीपलीकडे गेली.

भाग्यलक्ष्मी चर्चच्या मागे पेटी दुरुस्त करत होती. ती कानडी बोलणारी. शालननं कानडीतूनच विचारलं.

"कृष्णातशी बोललीस?"

"नाही."

"तानूबाईबद्दल कुणाशी बोललीस? घरी?"

"आईशीसुद्धा नाही. अक्का, तुम्हाला माझ्यावर संशय आहे?"

"मला सगळ्यांवरच आहे. माझ्यावरसुद्धा. काका प्रार्थनेत काय म्हणाले?"

"मराठी प्रार्थना मला कुठं कळते? मी पुढच्या गाण्याचे सूर आठवत होते." तिनं हातातली पेटीची पट्टी खाली ठेवली. "तुम्ही आम्हाला दर रविवारी लहान मुलांसारखं नियम वाचून दाखवता. त्याचा काही उपयोग झाला का?"

शालन तिथून सरळ संताजीकाकांच्या घरी निघाली.

संताजी उजगरे रेल्वेतून निवृत्त झालेले. मंडळीत त्यांच्याइतका मान दुसऱ्या कुणाला नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढावी ती त्यांनीच. शालनच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणातही तेच बसून होते. त्यांनी तिला चहा दिला, आणि तिचा प्रश्न ऐकल्यावर स्वतःचा कप खाली ठेवला.

"शालन, पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगतो. त्या बाईबद्दल मी कृष्णातशी एक शब्द बोललो नाही. तू मला हे विचारावंस याचं वाईट वाटतं."

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खरं बोलत होते. आता उरला फक्त मल्लाप्पा, आणि त्याला तर घरही ठाऊक नव्हतं आणि गुडघेही. तिला रडू यायला लागलं. ते लपवायला ती घाईनं उठली.

शुक्रवारी संध्याकाळी तानूबाईसाठी प्रार्थनासभा होती. चर्च भरलं होतं. पाळकांच्या विनंतीवरून संताजीकाका उठले. त्यांनी डोळे मिटले आणि हात पसरले.

"हे दयाळू पित्या, तुझ्या या विधवा दासीला जिथं असेल तिथं तुझ्या पंखांच्या छायेत ठेव. तिच्या थकल्या गुडघ्यांना बळ दे..."

शालनचे डोळे उघडले.

आजूबाजूला सगळी डोकी खाली झुकलेली होती. काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि पायरीवर बसून राहिली. आत प्रार्थना चालूच होती.

मंगळवार आणि शनिवार हे तुरुंगातले भेटीचे दिवस. त्या शनिवारी शालनच्या सांगण्यावरून चंपाबाई फाटकासमोरच्या बाकावर पदर ओढून बसल्या. दुपारी कृष्णातचा मेव्हणा ज्योतिबा भेटीच्या रांगेत आला, तेव्हा चंपाबाईंनी त्याला ओळखून नुसती मान डोलावली. शिपायांनी त्याला धरून आत नेलं.

नरसिंहरावांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. संताजीकाका आणि भाग्यलक्ष्मी बसले, मल्लाप्पा भिंतीशी उभा राहिला. ज्योतिबाजवळच कृष्णातलाही आणून उभं केलं होतं.

"बोला, बाई," नरसिंहराव म्हणाले.

"हा माणूस निपाणीकडचा," शालन म्हणाली. "त्याच्या बोलण्यात झाडाची असते ती सावली. पण चंपाबाईंना तो म्हणाला, पपनसाच्या छायेत. बाजारात छाया कुणी म्हणत नाही. आम्ही म्हणतो, उपासनेत. म्हणजे हे वाक्य त्याचं नव्हतं. कुणाचं तरी ऐकलेलं त्यानं जसंच्या तसं म्हटलं."

ज्योतिबानं कृष्णातकडे पाहिलं.

"दुसरं, पपनस. तिथं सगळे चकोता म्हणतात. जागा सांगणारा मराठीत बोलला होता, म्हणून भाग्यलक्ष्मी नव्हे. तिसरं, गुडघे. म्हातारी पडली ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, म्हणून मल्लाप्पाही नव्हे. मी त्या दिवशी बायकांकडे होते. मग राहिलं कोण?"

संताजीकाका ताठ झाले. "मी शपथ घेऊन सांगितलंय."

"ती खरी आहे, काका. म्हणून तर मला इतका वेळ लागला. त्याच्याशी तुम्ही बोललाच नाहीत. त्यानं पाय धरून तुम्हाला काय सांगितलं?"

काका थांबत थांबत म्हणाले, "साक्ष देणाऱ्या त्या माउलीसाठी प्रार्थना करा म्हणाला. तिच्यावर माझा राग नाही, म्हणाला. मराठीत करा, म्हणजे मलाही तिच्यासाठी आमेन म्हणता येईल."

"आणि तुम्ही डोळे मिटले. त्याचे उघडे होते. मल्लाप्पानं पाहिलं. तुम्ही काय म्हणालात, काका?"

काकांचे ओठ हलले. आपलीच प्रार्थना ते आठवत होते, आणि आठवताना त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"देवनहळ्ळीच्या किल्ल्यामागे... पपनसाच्या छायेत... ज्या विधवा दासीला तू आसरा दिलास..." पुढे त्यांना बोलवेना. "मी त्याला सांगितलं नाही, शालन. मी देवाशी बोललो."

"देवाला पत्ता ठाऊक होता, काका."

कृष्णात हसला. त्या रविवारी रडणारा माणूस तो हाच, हे कुणाला खरं वाटलं नसतं. "म्हाताऱ्यानं नकाशाच काढून दिला की," तो म्हणाला. "मी काय गुन्हा केला? आमेन म्हणलो."

"तानूबाई कुठाय?" नरसिंहरावांनी ज्योतिबाला विचारलं.

"आईशपथ, साहेब, घावली न्हाई. टांगा घेऊन परत गेलो तवर पळाली हुती. ह्यानंच मंगळवारी भेटीत सगळं सांगितलं मला. किल्ल्यामागचं घर, झाड, गुडघं."

त्या दोघांना नेल्यावर नरसिंहरावांनी टोपी उचलून मल्लाप्पाच्या हातात दिली. चुकलं असं ते म्हणाले नाहीत. "सोमवारपासून ये," एवढंच म्हणाले.

शालननं हात पुढे केला. "काका, तुमचा पास."

"तो रडत होता गं. मी काय म्हणायला हवं होतं?"

"परमेश्वरा, सर्वांचं रक्षण कर. एवढ्यानं भागलं असतं."

काकांनी पास दिला. दाराशी पोचल्यावर ते म्हणाले, "तुझ्या बापाजवळ बसलो होतो तेव्हा मी कुठले नियम विचारले नव्हते." शालननं ते ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी मंडळीतल्या चौघीजणींनी तिला रस्त्यात बघून तोंड फिरवलं.

"तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करा," ती निघताना नरसिंहराव म्हणाले होते. "मंजूर होईल असं सांगत नाही."

तानूबाईचा मात्र पत्ता लागला नाही. रविवारभर पोलीस के. आर. पुरमच्या स्टेशनापासून बाजारापर्यंत हिंडले. साक्षीदार नसेल तर खटला उभा राहणार नाही, हे सरकारी वकिलानं स्पष्टच सांगितलं होतं.

सोमवारी शालन कोर्टात जाऊन बसली. पुकारा झाला. एकदा, दोनदा. कृष्णात पिंजऱ्यात निवांत उभा होता. तिसऱ्या पुकाऱ्याला मागच्या दारातून एक म्हातारी काठी टेकत आत आली. लुगडं चुरगळलेलं, पायांना चिखल. ती सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिनं जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. कृष्णातच्या वकिलानं तिला उलटसुलट प्रश्न विचारले, पण ती एकाही शब्दावरून हलली नाही.

बाहेर आवारात शालननं तिला गाठलं. जे झालं होतं ते सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि माफी मागितली. तानूबाईनं ऐकून घेतलं.

"मला दारामागनं ऐकू आलं," ती म्हणाली. "तेल आणलंय म्हणाला, तवाच वळकलं, ह्यो माझ्यासाठीच आलाय. मागनं सटकले."

"एवढे दिवस कुठं होता, मावशी? आता कुठं राहणार? मी पोलिसांशी बोलते, काहीतरी सोय करू."

तानूबाईनं काठी सावरली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता थकवा होता.

"तुमी चांगली माणसं हायसा, बाई," ती म्हणाली. "पर त्ये तुमाला सांगायचं न्हाई."

आणि ती गर्दीत शिरली. कुठल्या बाजूला गेली, ते शालननं मुद्दामच पाहिलं नाही.