दोन खोल्यांची चाचणी

त्या दिवशी दुसरा माणूस आलाच नाही.

आमच्या चाचणीला दोन अनोळखी माणसं लागायची. वेगवेगळ्या खोल्यांत बसून, पडद्यावरच्या एकाच रिकाम्या घरात दोघांनी मिळून सामान लावायचं. दूरदूरच्या माणसांना ऑनलाइन एकत्र काम करता यावं, म्हणून आम्ही ते साधन बनवत होतो. मी काचेआडून बघायचे, टिपणं काढायचे... आणि दुपारचं जेवण एकटीच उरकायचे. आई फोनवर म्हणायची, "सगळ्या जगाला जोडतेस गं, तुझं काय?"

आलेला तो एकटाच. जमिनीची मोजणी करणारा. केस पावसानं भिजलेले.

"जोडीदार नाही म्हणता? मग मी जाऊ?" स्वर असा, की त्याला जायला कुठे नव्हतंच.

"थांबा," मी म्हणाले. "दुसरी मी होते."

पलीकडच्या खोलीत जाऊन मी हेडफोन लावला. पडद्यावरच्या घरात, खिडकीपाशी, एक खुर्ची ठेवली.

"एकच?" कानात त्याचा आवाज.

"पुरते मला."

"आणि कुणी आलं तर?"

"येत नाही कुणी."

मग दुसरी खुर्ची हळूच सरकत आली... आणि जरा अंतर राखून थांबली.

"मोजणीवाला आहे मी. विचारल्याशिवाय हद्द ओलांडत नाही."

मी हसले — किती दिवसांनी, कोण जाणे! वेळ संपली तरी आम्ही त्या घरातल्या खिडकीच्या पडद्यांच्या रंगावरून भांडतच होतो.

शेवटी मी त्याच्या खोलीत गेले.

"पास झालो का?"

"चाचणी रद्द केली मी."

"का? माझं काही चुकलं?"

"तुमचं नाही, माझं. बघणाऱ्यानं नुसतं बघायचं असतं... मला नाही जमलं."

त्याचे कान लाल झाले. बॅग उचलत तो म्हणाला, "इथलं काम संपलं माझं. संध्याकाळच्या बसनं पुढच्या गावी. ओळखीचं कुणी नव्हतं इथे, म्हणून तर आलो तुमच्याकडे."

"सोडायला येऊ?" विचारलं आणि जीभ चावली.

स्टँडच्या छपराखाली दोघं उभे राहिलो. बस आली, माणसं चढली. तो जागचा हलला नाही.

"अहो, बस!"

"जाऊ दे. मागून येईल दुसरी."

"ही शेवटची होती..."

बस वळणाआड दिसेनाशी झाली. त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

"माहीत होतं मला," तो म्हणाला.