कडक टोस्ट

"चावून खा. घाई नको," विहीणबाई म्हणाल्या, आणि टोस्टचा तुकडा त्यांनी सुनेच्या हातात ठेवला.

तिने तो तोंडात घातला, कसाबसा चावला, आणि गिळताना डोळे इतके घट्ट मिटले की दारात उभी असलेली तिची आई नकळत एक पाऊल पुढे आली. टॉन्सिल काढून चार दिवस झालेल्या पोरीला कुणी टोस्ट खायला घालतं? कळ घशातून थेट कानात जातेय, लेकरू कानावर तळवा दाबून बसलंय, आणि ही बाई समोर स्टूल ओढून पहारेकऱ्यासारखी बसलीय!

"डॉक्टरांनी सांगितलंय, ताई," विहीणबाईंनी मागे न बघताच सांगितलं. "घसा हलता राहिला पाहिजे."

यावर आई बोलणार तरी कोणत्या तोंडाने? पोर रांगत होती तेव्हा नवरा गेला. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करून, दुसऱ्या लग्नाचा विषयसुद्धा घरात काढू न देता तिने या एका जिवावर आपलं सगळं आयुष्य ओवाळून टाकलं होतं. पण दर थंडीत पोरीचा घसा सुजायचा, ताप चढायचा, डॉक्टर म्हणायचे टॉन्सिल काढून टाका, आणि आईचा धीर व्हायचा नाही. थोडी मोठी होऊ दे, परीक्षा होऊ दे, लग्न होऊ दे... आणि लग्न झाल्यावर विहीणबाईंनी एका फटक्यात काम उरकलं. आईला कळवलं ते ऑपरेशनची तारीख ठरल्यावर!

ते तिला फार लागलं होतं. त्यात लेक सासूला आताशा नुसतं 'आई' म्हणायला लागली होती. सुरुवातीचं 'अहो आई' मधलं 'अहो' कधी गळून पडलं ते कुणालाच कळलं नाही, पण हिच्या कानांनी बरोबर टिपलं. मदतीला म्हणून ती बॅग भरून आली, तर इथे करायला काही शिल्लकच नव्हतं. औषधांच्या वेळा विहीणबाईंना पाठ, मानेवरची गार पट्टी विहीणबाई बदलणार, पाण्याचा जग विहीणबाई भरणार. जन्मदात्री आपली पाहुणीसारखी सोफ्याच्या कडेला! तिच्या अंतःकरणात जे धुमसत होतं त्याला ती काळजी म्हणत होती. तो निखळ मत्सर होता.

जावई कामानिमित्त फिरतीवर होता. विहीणबाईंची रजा संपली आणि त्या पोस्टाच्या काउंटरवर रुजू झाल्या. जाताना बजावून गेल्या... दुखण्याची गोळी आधी, मग अर्ध्या तासाने टोस्ट, रडली तरी सोडायचं नाही.

दार लागलं आणि आईचं राज्य सुरू झालं. "नको खाऊस, राणी. घशाला विश्रांती दे," असं म्हणत तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्याने आइस्क्रीम भरवलं. लेकीचा बांध फुटला. ती हमसून हमसून रडली, आणि आईला, देव क्षमा करो, त्या रडण्याने कृतार्थ वाटलं. टोस्टचा चुरा करून तिने खिडकीत चिमण्यांना घातला. संध्याकाळी विहीणबाईंनी खाल्लं का विचारलं, तेव्हा सगळं खाल्लं म्हणून तोंड भरून सांगितलं. पुढचे दोन दिवसही तसेच गेले. आइस्क्रीमसुद्धा दोन चमच्यांवर आलं, पोर थुंकी गिळायलाही कुरकुरायला लागली, अंग कोमट लागायला लागलं, पण हरवलेली लेक परत मिळाल्याच्या आनंदात त्या माऊलीला ते दिसलंच नाही.

मग एका दुपारी लेक धडपडत बेसिनपाशी गेली आणि बेसिन लाल झालं.

अशा वेळी माणूस ज्याचा आधार वाटतो त्यालाच फोन करतो, आणि आईच्या बोटांनी नंबर लावला तो विहीणबाईंचा! समोरची रांग तशीच सोडून त्या टॅक्सीने आल्या, एका हाताने सुनेला सावरलं, दुसऱ्याने विहिणीला, आणि दोघींना घेऊन हॉस्पिटल गाठलं.

रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, असं रक्त कुणालाही येऊ शकतं, पण घशात संसर्गही झालाय. खाणंपिणं बंद होतं का?

आई ओठ उघडणार तोच विहीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडून ढिलाई झाली, डॉक्टर. तिचं दुखणं बघवेना."

बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" आईने विचारलं.

"चिमण्यांनी सगळा चुरा कुठे संपवला होता?"

"मग मला बोलला का नाहीत? तिच्या जिवावर बेतलं असतं... मी, मी तिची आई..."

"बोलायला हवं होतं. तेवढी चूक माझीच आहे, खोटं नाही बोलले मी आत." विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "परवा लवकर आले होते, ताई. दारातून बघितलं, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. माझ्यासमोर ती कधी रडत नाही. दातओठ खाऊन गिळते आणि वर थँक्यू म्हणते. मला इतका हेवा वाटला तुमचा... म्हटलं, आता ओरडले तर कजाग सासूच ठरेन. आले तशी मागे फिरले."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. जिच्या सुखावर ती इतके दिवस जळत होती, ती बाई दारातून उपाशीच परत गेली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी खायची परवानगी दिली. नर्सने टोस्टचा ट्रे आणला, तेव्हा विहीणबाई सवयीने स्टूल ओढायला गेल्या. आईने त्यांचा हात धरला.

"तुम्ही तिच्या उशाशी बसा," ती म्हणाली. "तिचं डोकं मांडीवर घ्या."

आणि स्टुलावर ती स्वतः बसली. लेकीने मान हलवली, हाताने नको नको म्हटलं. आईने तुकडा पुढेच धरला. तूसुद्धा? अशा नजरेने लेक तिच्याकडे बघत राहिली, आणि आईला तुकडा फेकून देऊन पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं... पण हात हलला नाही.

"रागाव माझ्यावर," ती म्हणाली, "पण खा."

लेकीने खाल्लं. चावलं, गिळलं, आणि मग दुखऱ्या, रागावलेल्या चेहऱ्याने आईकडे पाठ फिरवून तिने सासूच्या कुशीत तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. विहीणबाईंचा हात क्षणभर अधांतरीच राहिला, मग हळूच तिच्या केसांवर टेकला. त्यांचेही डोळे वाहत होते.

आईने डोळे पुसले आणि दुसरा तुकडा मोडला.